पिंपळावरचं मडकं

शैला : आधी तो व्हिडिओ काढा सफाईच्या ग्रुपवरून. चहा मंग देते.

श्यामराव : कावून? पूर्ण जुनवानी मोहल्ल्यात फिरून राहिला तो. ग्रुपमधला सुमेध म्हणे, काका, आप तो हीरो बन गए.

शैला : झाले खरे हिरो! मी हिरालालभाऊच्या घरून येऊन राहिली. सिंधुताई तोच व्हिडिओ पाहत बसली होती.

श्यामराव : मंग बरं वाटलं असंल तिले. सुरुवातीलेच बोललो ना मी, आजची सफाई आमच्या हिरालालच्या नावानं. बिचारा दर रविवारी झाडू घेऊन सगळ्यात आधी हजर राहे. गेल्या हप्त्यात वारला अन् ग्रुपच लंगडा झाला.

शैला : अन् पिंपळाखाली काय केलं?

श्यामराव : काय करणार? कचरा उचलला. फांदीले एक मडकं टांगून होतं, पाणी भरलेलं. काठीनं पाडलं. डेंग्यूचे दिवस आहेत, शैला. मच्छर तिथंच होतात. तेच तर समजावलं लोकायले.

शैला : ग्रुपमधली रेणू काही बोलली होती म्हणे तुमाले.

श्यामराव : म्हणे, काका, राहू द्या, कोणाचं असंल. मी म्हटलं, असल्या अंधश्रद्धेनंच मोहल्ला घाण होते. टाळ्या वाजवल्या सगळ्यायनं.

शैला : ते हिरालालभाऊचं होतं.

श्यामराव : काय?

शैला : मडकं. त्यायच्या गावाकडं रीत आहे. माणूस गेला का पिंपळाले मडकं बांधतात, बुडाले छेद करून. दहाव्यापर्यंत पोरगा रोज पाणी भरते. थेंब थेंब गळते ते मेलेल्याले पोचते, असं मानतात. तुमी गेल्यावर त्यायचा मोहित लोटा घेऊन गेला, तं खाली खापरं.

श्यामराव : अगं, मले काय माहीत? आपल्यात कुठं असते असं? पिंपळाची बाजू तं हिरालालच पाहे. मले जाऊच दे ना तिकडं. म्हणे, साहेब, तुमी नाली पाहा, झाडाखालचं मी पाहतो.

शैला : त्यायचे सगळे लोक त्याच पिंपळाले मडके बांधतात. समजलं आता, कावून जाऊ देत नव्हता?

श्यामराव : मडकं पडल्यावर... हसलो का मी व्हिडिओत?

शैला : हसले.

श्यामराव : शरमेनं मेल्यासारखं झालं गं. कुठं तोंड लपवू आता?

शैला : लपवू नका. तेच तोंड घेऊन चला तिच्या दारात. मीबी येते.

(हिरालालचं घर. सिंधुताई उंबऱ्याशी बसली आहे.)

श्यामराव : वहिनी, व्हिडिओ काढला मी. ग्रुपवर माफीबी मागितली.

सिंधुताई : बसा भाऊजी.

श्यामराव : बसायची हिंमत नाही. खरंच माहीत नव्हतं मले.

सिंधुताई : नसंल. विचारलं असतं तं कोणीबी सांगतलं असतं. आमचं दार तिथून दिसते.

श्यामराव : पाया पडतो तुमच्या...

सिंधुताई : नका जी, असं नका करू. तुमी मोठे. त्यायनं शेवटपर्यंत तुमाले साहेबच म्हटलं. मोहित खापरं घेऊन आला, तवा कोणी फोडलं ते समजून नाही राहिलं होतं. मंग तुमचा व्हिडिओ आला. तुमी त्यायचं नाव घेतलं. मी मोहितले म्हटलं, आवाज वाढव रे, तुह्या बाबाचं नाव घेऊन राहिले.

शैला : ताई...

सिंधुताई : ग्रुपचं फावडं, घमेलं मागं ठेवलं आहे. जाताना घेऊन जा. मोहित नाही येणार आता रविवारी.

श्यामराव : नेतो. पण वहिनी, एवढं करू द्या. नवं मडकं मी आणतो. दहाव्यापर्यंत पाणीबी मीच भरतो, रोज.

सिंधुताई : टांगलं मोहितनं नवं.

श्यामराव : त्याच पिंपळाले?

सिंधुताई : नाही जी. दूरचं झाड पाहिलं. तुमी जिकडं झाडू माराले येत नाही, तिकडलं.