पिकल काय खाते?

अहो, काय काय आणून बघितलं, हरणाचं मटणसुद्धा! पिशवीवर हे एवढं शिंगाचं चित्र आणि आत वाटाण्याएवढ्या गोळ्या! तुम्हाला सांगतो, उभा जन्म मिनेसोटात काढला, दर हिवाळ्याच्या तोंडाला हरीण मारून गॅरेजमधला फ्रीझर भरणारा माणूस मी, आणि मांजरीच्या पिल्लासाठी दुकानातून हरीण विकत आणतोय!... करणार काय? आर्डिसनं, आमच्या मंडळींनी, पिकलला हौसेनं घरी आणलं, तिचं खाणं आईस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत ओतलं, पिशवी दिली टाकून. आमच्याकडं सगळं त्या बादल्यांतच असतं हो, खिळे बादलीत, बटाट्याचं सॅलड बादलीत! आणि महिना व्हायच्या आत आर्डिस गेली. दुसऱ्या दिवशी बादली उघडली तर तळ दिसला, तेव्हा डोक्यात आलं, हे खाणं कुठलं, ते विचारायचंच राहिलं... आता कुणाला विचारू?

जनावरांचे डॉक्टर म्हणतात, "लॉइड, एवढ्याशा जिवाला उपास घडू देऊ नकोस हं!" लेक ॲरिझोनातून फोनवर ओरडतेय, "डॅड, चष्मा लाव! यादीत पहिलं नाव मांसाचं हवं. मका पहिला असेल तर ठेव खाली! पिल्लांसाठी असं लिहिलंय ना?" दुकानातली पोरगी मान वाकडी करून विचारते, "स्वभाव कसाय हो तिचा?" स्वभाव? अगं बाई, स्थळ बघायला आलोय का मी!

चिकन आणलं. पिकलनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, चालती झाली! मासा आणला, बदक आणलं, ते शिंगाच्या चित्राचं हरीणही आणलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं, चालती झाली! शेवटी फ्रीझरमधलं माझं स्वतःचं हरीण शिजवलं, बिनमिठाचं, बोटानं बारीक करून... वास घेतला, माझ्याकडं बघितलं, चालती झाली. सिंकपाशी उभा राहून रडलो हो मी. आर्डिसनं मागं ठेवलेला एवढासा जीव, तोही माझ्या हातून जाणार, असं वाटलं.

तेवढ्यात शेजारची व्हर्ना नूडल्सचं भांडं घेऊन आली. आमच्याकडं कुणी गेलं की लोकांना बोलायला सुचत नाही, मग नूडल्स आणतात. तिनं बशांची रांग बघितली. "अरे लॉइड, हे सगळंच चांगलं आहे की! आर्डिस त्यावर कोमट पाणी घालायची आणि जवळ खाली बसायची. ती एकटी जेवत नाही रे."

"खाली? या गुडघ्यांनी?"

"खालीच!" भांडं ओट्यावर ठेवून व्हर्ना गेली.

चिकनच्या गोळ्या भिजवल्या, ओट्याला धरून, देवाचं नाव घेत बसलो एकदाचा. वास घेतला, माझ्याकडं बघितलं... आणि जेवली! बशी चाटूनपुसून साफ! वर माझ्याच मांडीवर झोपली. मग मला भूक लागली. नूडल्स वर ओट्यावर, मी खाली, आणि उठता येईना! सवयीनं हाक मारली, "आर्डिस, जरा हात दे गं!"

पिकलनं पटकन मान उचलून दाराकडं बघितलं. मीही बघितलं... म्हटलं, झोप बाई, कुणी येत नाहीये. तुझं झालं ना जेवण? माझं बघू उद्या.