कोणत्या खिडकीत उजेड जास्त

...आणि मला म्हणे तिथंच थांबा. आता तुम्हीच सांगा, दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून साबणाची पावडर गळतेय, तीन जिने चढून छातीचा भाता झालेला, किल्ली कमरेला, दार चार पावलांवर, आणि हा माणूस जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर बसून डोळ्याला कॅमेरा लावून मला सांगतो, "वहिनी, तिथंच, मीटरच्या डब्यापाशी. हां. माझ्याकडे नका बघू, भिंतीकडे बघा." भिंतीकडे काय बघू? पोपडे? "फोटो काढताय का भाऊजी?" म्हटलं. निदान पदर तरी नीट केला असता. तर म्हणाले, "छे, रोल कुठाय आत." घ्या. म्हणजे फोटोही नाही. नुसतं बघायचं.

हे भाऊजी म्हणजे आमच्या समोरच्या दारातले. आमच्या मजल्यावर दोनच दारं, एक आमचं आणि एक त्यांचं. सरकारी खात्यात फोटोग्राफर होते, पण लग्नाबिग्नाचे नाही हां, पुलांचे. पुलाला भेग गेली की तिचा फोटो काढायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहून पुन्हा काढायचा, म्हणजे भेग वाढली की आहे तेवढीच आहे ते साहेबांना कळतं. अख्खी नोकरी भेगा बघण्यात गेलेल्या माणसानं आपल्या तोंडावर डोळा रोखला की बाईमाणसाच्या मनात काय काय येतं, ते मी तुम्हाला काय सांगू.

आता मी काही विचारणाऱ्यातली नाही. पण चार दिवस तेच, पाच दिवस तेच. मी दूध घेऊन वर येतेय, थांबा. मी कचरा घेऊन खाली जातेय, थांबा. स्टुलाशेजारी खुर्चीवर तीन कॅमेरे मांडलेले. एक काळा, त्याच्या तोंडाला ही एवढी वाटीसारखी काच. एक चंदेरी, जुना, त्याची काच म्हणजे शर्टाचं बटण. आणि एक पेटीसारखा, त्यात वरून डोकावायचं. एक उचलणार, बघणार, ठेवणार, दुसरा उचलणार, "हूं" म्हणणार, पुन्हा पहिला. शेवटी आठवड्यानं मी सहज, अगदी सहज म्हटलं, "भाऊजी, हे चाललंय काय?"

तर म्हणाले, "व्ह्यूफाइंडर बघतोय. आपण डोळा लावतो ना, ती खिडकी. कोणत्या खिडकीत उजेड जास्त, ते बघतोय."

म्हटलं, "मग गच्चीवर जा की, तिथं ढीगभर उजेड."

"तिथं सगळेच उजळ दिसतात वहिनी. खरं काय ते अंधारातच कळतं. म्हणून जिना."

"मग कळलं का?"

"काळ्यात जास्त वाटतो. पण त्याची काच मोठी आहे, उजेड जास्त येणारच. ही तुलना न्यायाची नाही झाली. दोघांना एकच काच लावून बघायला हवं."

"मग लावा."

"याची त्याला बसत नाही. कंपन्या वेगळ्या."

"मग?"

"तेच तर," म्हणाले, आणि पुन्हा काळा उचलला.

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुला काय करायचंय?" आता मला काय करायचंय? मीच तर त्या भिंतीपाशी उभी असते ना, मीटरचा डबा आणि मी, दोघं. विचारू नको म्हणायला काय जातं ह्यांचं.

बरं, यातली खरी गोम मला पुढं कळली. पंधरवडा होत आला असेल, मी अशीच डब्यापाशी उभी, आणि खालून ताई आल्या. ताई म्हणजे भाऊजींची बायको, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. कठडा धरून एकेक पायरी करत आल्या आणि वरच्या वळणावर पायरीवर टेकल्याच. पिशवी बाजूला ठेवली, श्वास घेतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "झालं का? ठरला का?"

"बघतोय ना."

"एक कॅमेरा न्यायचाय हो, जावई नाही करायचा त्याला."

मी म्हटलं, "न्यायचाय? कुठं?"

भाऊजींनी काळ्याची काच पुसायला घेतली. मग ताईच म्हणाल्या, "लेकीकडे. कायमचं. तिच्याकडे लिफ्ट आहे."

आता मी काही विचारणाऱ्यातली नाही, पण या जिन्यात कोणाच्या घरी कोणता पाहुणा किती दिवस राहिला ते मला ठाऊक असतं, आणि समोरच्या दारातलं, आमच्या नाकासमोरचं, हे मला ठाऊक नाही? म्हटलं, "ताई, मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं की संपलंच ना अगं," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं म्हणजे खालच्या दुकानापर्यंत पोचलं. चार जण विचारणार, कधी निघताय, कधी निघताय. मग ते ठरलंच. हे म्हणाले, इतक्यात सांगू नको, आधी माझा कॅमेरा ठरू दे, तो ठरला की निघू. तिच्या खोलीत जागा एका कपाटाची, त्यात एकच मावेल. तेव्हापासून हे स्टुलावर."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस उजेड मोजत नव्हता. दिवस काढत होता. काच बसत नाही म्हणून एक दिवस, ढग आले म्हणून एक दिवस, आणि मी हलले म्हणून एक दिवस. म्हणजे पंधरा दिवस मी पिशव्या घेऊन उभी राहिले ती त्यांना इथं राहता यावं म्हणून, आणि मला पत्ता नाही.

आणि पुढं ऐका. ताई म्हणाल्या, "आता तूच बघ. ह्यांच्या डोळ्यांना काही ठरत नाही. तुझी नजर तर कोणाच्या पिशवीत काय आहे ते बाहेरून ओळखते. बघ आणि सांग, म्हणजे एकदाचं होऊन जाईल."

तुम्हीच विचार करा. आयुष्यभर लोक मला म्हणत आले, बघू नको, बोलू नको, तुला कोणी विचारलंय? आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला रीतसर, हाताला धरून स्टुलावर बसवून म्हणतंय, बघ आणि सांग. आणि सांगितलं की ते जाणार. आमची दोन दारं समोरासमोर, दुपारी दोन्ही उघडी, त्या त्यांच्या घरात निवडत बसणार, मी माझ्या घरात शिवत बसणार, आणि मधल्या पॅसेजमधून बोलणं चालू. तोंड बघायला लागत नाही. सासूबाई वर्षभर अंथरुणावर होत्या तेव्हा मी त्या उघड्या दाराच्या जिवावर दिवस काढले. सांगायचं होतं काय मला? नुसतं म्हणायचं, "भाऊजी, मला बाई सगळे सारखेच दिसतात." अजून महिना निघाला असता.

पण बघायला कोणीतरी हवं ना समोर. मी तर स्टुलावर. म्हणून ताईंनाच म्हटलं, बसा तिथंच पायरीवर.

पेटीत डोकावले, तर विहिरीत डोकावल्यासारखं. त्यात ताई उजव्याच्या डाव्या झालेल्या, कडा काळोख्या. तो ठेवला. मग काळा. काय उजेड हो त्यात. जिना लख्ख. ताई, कठडा, पिशवी, पोपडे, सगळं कसं गोड दिसत होतं. भाऊजी म्हणाले, "पुढचं कडं फिरवा, चेहरा स्पष्ट करा." फिरवलं, पण स्पष्ट झाला की नाही तेच कळेना. आधीही छानच, नंतरही छानच. मग चंदेरी. त्यात मात्र संध्याकाळ झाल्यासारखं. हे काय बाई, म्हणत कडं फिरवलं, आधी सगळं पुसट, फिरवलं, पुसट, आणि मग एकदम ताईंचा चेहरा पुढं आला. टचकन. एकेक केस वेगळा.

ताईंना वाटलं असेल, ही अजून काचा बघतेय. दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला होता, खालचा ओठ दातांत, आणि डोळे वरच्या तीन पायऱ्यांवर. फक्त तीन पायऱ्या राहिल्या होत्या. त्यांच्याकडे अशा बघत होत्या जसं आपण नको असलेल्या पाहुण्याकडे बघतो.

मी वीस वर्षं त्या बाईकडे बघतेय. पण मी समोर आले की त्या हसतात, आणि दारातून बोलताना तर आवाजच येतो नुसता. जिन्यातलं सगळं मला ठाऊक म्हणे. हे नव्हतं ठाऊक.

"काय, सांगा की," भाऊजी म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

म्हटलं, "उजेड काळ्यात जास्त आहे भाऊजी. पण तुम्ही चंदेरी न्या."

"त्यात तर अंधार आहे."

"आहे. पण नीट झालं की कळतं त्यात. काळ्यात सगळंच बरं दिसतं, कुठं काय बिघडलंय ते दिसत नाही. तुम्हीच बघा."

त्यांनी चंदेरी घेतला. डोळ्याला लावला. पंधरवडाभर या माणसानं तिन्ही कॅमेरे माझ्यावर रोखले होते, ताईंवर एकदाही नाही. कडं फिरवलं. थांबले. कॅमेरा खाली न करताच म्हणाले, "भेगा मी यानंच काढल्या सगळ्या. काळा नंतर घेतला, हौस म्हणून." मग तीन पायऱ्या उतरले आणि ताईंची पिशवी उचलली. ताई म्हणाल्या, "अहो, कॅमेरा तरी ठेवा आधी." गळ्यात तसाच लोंबत होता.

झालं. ठरलं. आमचे हे म्हणाले, चांगलं केलंस.

परवा दुपारी ताई दारात आल्या. सामान बांधायला सुतळी आहे का, म्हणाल्या. मी आत जायला वळले, तर मागून म्हणतात, "तू पण ना अगं... एवढ्या लवकर कशाला सांगितलंस?"

मी परत वळले. म्हटलं, "ताई, तुम्हीच म्हणालात ना, बघ आणि सांग?"

"म्हणाले ग. पण चार दिवस घ्यायचे होतेस की. म्हणायचं, अजून एकदा बघते."

सुतळीचं अख्खं रीळ होतं घरात, गेल्याच महिन्यात आणलेलं, मागं फळीवर उघडंच. मी त्यातली हातभर तोडून दिली. म्हटलं, "ताई, एवढीच आहे हो. संपली की या परत."

त्यांनी माझ्या खांद्यावरून फळीकडे बघितलं. मग हातभर सुतळी नीट गुंडाळली, मुठीत धरली आणि म्हणाल्या, "येते मग उद्या."