दोन पोती हळद कमी

विश्वासाचं नाव काढलंच हाय, तर आमच्या राठोड सरांचं ऐका. बाळापूरजवळच्या तांड्यावरच्या शाळेत आमी दोघंच मास्तर. पाळत ठेवली की लेकरं चोरी शिकतात, विश्वास ठेवला की खरेपणा शिकतात, हे सरांचं शिक्षणशास्त्र. स्वतःची पोरगी बी त्यांनी तिथंच घातलेली.

परवा चाचणीला सरांनी फळ्यावर गणित लिहिलं: आठ गाड्या, दर गाडीत सात पोती हळद, एकूण किती? "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास हाय," म्हणले अन् मला घेऊन चहाला निघाले.

येऊन पाहतो तर अख्ख्या वर्गाचं उत्तर चोपन्न! छप्पन्नातली दोन पोती सगळ्यांनीच गायब केलेली.

सर भडकले. "कुणाचं पाहून लिहिलं?"

वर्गानं सरांच्या पोरीकडं बोट केलं. "सर, आमी तिच्यावर विश्वास ठेवला."

"अन् तुला चोपन्न कुणी सांगितलं?"

"तुमीच, पप्पा. काल मी सात आठे किती इचारलं, तवा तुमी फोनवर बोलून राहिले होते."

"मग पाढा म्हणून काहून नाही पाहिला?"

"मी बी विश्वासच ठेवला."