सहाशे चाळीस ग्रॅमचा तंबू

— अहो टाकीवाले, पळू नका, पळू नका! भूतबीत काही नाही, मी आहे — तिसऱ्या मजल्यावरची, कव्हरवाली. मागच्या खेपेला तुमच्या मोटरीला कव्हर शिवून दिलं होतं ना, तीच. हो, आत. या पिवळ्या पिशवीच्या आत. पिशवी नाही म्हणायचं तिला, तंबू आहे तो, एका माणसाचा, आणि ते एक माणूस पाऊण तास झाला या गच्चीवर त्यात बसलंय. हळू बोला हो! खाली आमचे हे पेपर वाचतायत, आणि यांना ऐकू येत नाही ते फक्त मी 'गॅस बंद करा' म्हणते तेव्हा, एरवी कान असे तिखट की सांगता सोय नाही. तर असं करा भाऊ, बादली ठेवा खाली आणि इकडे समोर बसा. काळी चेन दिसतेय? तिचा रनर पार खालच्या कोपऱ्यात आहे, त्याच्या तोंडात कापडाची झालर अडकलीय. चेनीतून पावसाचं पाणी येऊ नये म्हणून मीच लावली हौसेने, तीच खाल्ली मेल्याने. ओढू नका! जोराचं काम नाही ते, छत्रीच्या कापडाहून पातळ आहे हे. रनर थोडा मागे, कापड तिरकं बाहेर, परत मागे, परत तिरकं — दातात काही अडकलं की काढतो ना आपण, तसं, न चिडता.

मी का नाही उघडत आतून? आतून ओढायला कडीच नाही त्याला. — हसा, हसून घ्या, मीही हसले पहिली पाच मिनिटं. चाळीस वर्षं शिवतेय मी, भाऊ. सोफ्याची कव्हरं, उशांची, मिक्सरची, वॉशिंग मशीनची, एका दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीचंसुद्धा — सगळ्याला चेन, आणि कडी कुठे? बाहेर. कारण आत काय असतं? कापूस असतो, मशीन असतं, त्यांना काय बाहेर यायचंय? हात सवयीने चालला आणि लावून मोकळी झाले. जन्मात पहिल्यांदा असं काही शिवलं की ज्यात माणूस बसणार, आणि आतल्या माणसाचा विचारच नाही केला. बरं, आतला माणूस कोण, तर मीच! आत शिरले, चेन ओढत आणली, चार बोटं फट राहिली, म्हटलं पूर्ण लागते का बघू या, म्हणून बोटाने ढकलली — लागली की हो पूर्ण. खालून निघावं, तर तळ सलग शिवलाय, मुंगी शिरायची नाही की निघायची नाही. काम चोख आहे, तेवढं म्हणा. फोन बाहेर कठड्यावर, वजन करायच्या ढिगात. ओरडले असते तर सगळी बिल्डिंग गोळा झाली असती, आणि मग रविवारचं जाणं संपलंच. 'तंबूतून बाहेर येता येत नाही तुला, डोंगरावरून काय येणार तू?' — हे एकच वाक्य, आणि चार महिने पाण्यात. आज अकराला तुम्ही टाकी धुवायला येणार हे फळ्यावर वाचलं होतं, म्हणून गप्प बसून राहिले.

हो, रविवारी. सकाळची बस, मग आठ दिवस पायी, डोंगराच्या धारेने. गुडघा असा, डॉक्टर म्हणाले पाच किलोच्या वर उचलायचं नाही. दुकानात गेले, तर नुसत्या रिकाम्या सॅकचंच वजन दोन किलो — मग मी आत काय हवा भरून न्यायची? म्हटलं, शिवता येतं आपल्याला, शिवू या. मोबाइलवर एक बाई आहे, परदेशातली, घरी बसून तंबू शिवते. भाषा कळत नाही, पण हात कळतात. हे कापड मशीनवर नुसतं घसरतं, खाली पातळ कागद घालून शिवलं आणि मग कागद फाडून काढला. सहाशे चाळीस ग्रॅम भरला तंबू. मधला खांब म्हणजे सासूबाईंची काठी, शेवटी शेवटी वापरायच्या ती, अॅल्युमिनियमची. हयातीत त्यांनी मला कधी आधार दिला नाही, आता देतायत. पांघरूण केलं मुलाच्या जुन्या जाकिटातली पिसं काढून — त्याला खालची बाजूच नाही, अंगाखाली दबलेली पिसं काही ऊब देत नाहीत, उगाच ओझं. तीन दिवस घरभर पिसं. यांना शिंकांवर शिंका, म्हणे कोंबडी कापलीस का माझ्या पलंगावर. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी छाटली, तर म्हणाले, आता डोकंही अर्धंच उरलंय तुझं. चूल केली थंड पेयाच्या डब्याची, पंधरा ग्रॅम, आत स्पिरिट घालायचं. पहिल्यांदा पेटवली तेव्हा डावी भुवई गेली. आता पेन्सिलीने काढते. तेवढंच वजन कमी!

निघतंय का? — अर्धी सुटली झालर? वा. हात चांगला आहे तुमचा, उगाच टाक्या धुताय. — सोबत? सोबत आहे ना, अकरा बायका आहोत. सगळ्या साठीच्या पुढच्या. एक तर नर्सच होती, एकीला दमा आहे, एक फार बोलते. हे रोज चौकशी करतात, त्या दमेवाल्या बाईंनी औषध घेतलं का म्हणून. एवढी चौकशी माझ्या गुडघ्याची केली असती तर — जाऊ दे. मला काय, दिवसभर चालायचं, संध्याकाळी एक भांडं पाणी तापवायचं, एक वाटी, एक चमचा, आणि मग कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. आठ दिवस! तुम्हाला म्हणून सांगते, मी एकदा हाका मोजल्या. 'अगं, चष्मा.' 'अगं, पाणी तापलं का.' 'अगं, ही बरणी इथे का ठेवलीस.' सकाळच्या दहापर्यंत एकतीस. निवृत्त झाल्यापासून यांचं ऑफिस म्हणजे माझं स्वयंपाकघर. मारत नाहीत, पीत नाहीत, वाईट माणूस नाहीच ते, तसं असतं तर सोपं होतं, सरळ निघून गेले असते. नुसती हाक मारतात. आणि मला एकदा बघायचंय, की कुणी हाक मारली नाही तर मी कुठल्या दिशेला जाते.

काय म्हणालात? — अकराजणी असताना कुणाशी बोलायचं कसं नाही? — त्या असतील ना. पुढे असतील. मी आपली मागे, गुडघ्यामुळे — — बरं, तुमच्यापाशी काय लपवायचं, तुम्ही मला या पिशवीत बघितलंय. नाहीयेत. एकही नाही. नर्स नाही, दमा नाही, कुणी नाही. एकटी जातेय. सुरुवातीला मी तीनच म्हणाले होते, हे म्हणाले तीन बायका म्हणजे फार कमी, मग सहा केल्या, मग अकरा. दमेवालीला तर मी इतकं रंगवलं की परवा तिच्यासाठी म्हणून यांनी वाफ घ्यायचं यंत्र आणलं. सव्वा किलोचं! म्हणाले, तुझ्याच सॅकमध्ये ठेव, त्या विसरतील. रात्रभर झोप नाही आली मला. खोटं बोलल्याची लाज वाटली असं नाही — वाटली, थोडी वाटली. पण खरं सांगितलं असतं तर सोडलं असतं का? बघा, तुम्हीच मान हलवताय, दिसतं मला कापडातून.

आणि ते काय काढताय खिशातून? ब्लेड? खबरदार! ठेवा आधी ते. चार महिने शिवलंय मी हे, एकेक शिवण आतून डिंकासारखं चिकट लावून बंद केलीय, कापायची गोष्ट नाही काढायची. तिरकं ओढा म्हटलं ना. थोडंच राहिलंय. ओढा — का थांबलात? अहो भाऊ? — आणि कापडावर सावल्या दोन का दिसतायत मला? ही तुमची, टोपीवाली. आणि ही शेजारची, हात मागे बांधलेली… अच्छा. हे कधीपासून उभे आहेत? दमेवालीच्या आधीपासून की नंतर? — आधीपासून. बरं झालं. खरं काय ते मी फ्रिजवर चिठ्ठीत लिहून जाणार होते, कागद वाचला.

नाही नाही, तुम्ही कुठे निघालात? थांबा. आमचं वाजलं की मध्ये एक माणूस लागतो, एरवी मुलगा असतो, तो परगावी, तेव्हा आज तुम्ही. यांना म्हणावं, हो, एकटी. रागावून नाही चालले. परत येणार आहे, आठ दिवस झाले की, सोमवारी दुपारपर्यंत, जेवायला. बारक्या आजारांची औषधं घेतलीत, शिट्टी घेतलीय, रोज संध्याकाळी फोन करीन, रेंज असेल तिथून. — काय म्हणाले तुम्हाला? हळू बोलून काय उपयोग, ऐकलं मी, कापड आहे हे, भिंत नाही. 'उघडू नका. जात नाही म्हणेल, मग उघडा.' असं?

असं. — थांबा जरा, मला हसू येतंय की काय येतंय ते कळू दे. — यांना म्हणावं, तुम्हाला भीती वाटते ते कळतं मला. 'चहा कोण करील' ही काळजी नाहीये ती, मी आपलं गमतीने म्हणते तसं, पण नाहीये. मलाही वाटते भीती. पाय घसरला तर, अंधारात काही आलं तर, दुसऱ्याच दिवशी रडत परत आले तर. ती भीती मी बरोबर नेणार आहे, तिचं वजन मोजलेलं नाही. पण मला कोंडून तुमची भीती कमी व्हायची, हे जमायचं नाही. एकसष्ट वर्षांची आहे मी.

भाऊ, चेन उघडू नका म्हणतायत ना, नका उघडू. मघाशी काय काढलं होतंत खिशातून? काढा. हो, तेच. चेनीच्या डावीकडे, शिवणीपासून दोन बोटं सोडून, वरून खाली, एका दमात. कापड आतून मी ताणून धरते, म्हणजे फरफटणार नाही. — काय म्हणतायत? 'चार महिन्यांचं काम आहे, अगं, वाया जाईल.' यांना म्हणावं, ते मला माहितीय, मी शिवलंय. आज बुधवार, रविवारला चार दिवस आहेत. कापा. — कापा हो, त्यांच्याकडे काय बघताय, तंबू माझा आहे. — सरळ… सरळ… अजून खाली… बास.

हात नको, येते मी. गुडघा अवघडलाय, एवढंच. — तो टेप द्या इकडे, कठड्यावरचा, आणि खडू. आणि जरा सरका दोघंही, उजेड अडवताय, मला माप घ्यायचंय.