बुडालेली क्लिप

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य परशुराम राणे सर, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, रसायनशास्त्राच्या वेरोनिका लोबो मॅडम आणि भजी येईपर्यंत जागचे न हलणारे श्रोतेहो,

सुरुवातीलाच एक गंभीर तक्रार नोंदवतो. दोन वर्षं माझ्या विजेरीत सेल टिकत नाहीत. टिकणार कसे? मॅडम ते फोडून आतल्या कार्बनच्या कांड्या काढतात. मराठीच्या प्राध्यापकाने अंधारात चाचपडावं, हे कुठल्या योजनेत बसतं?

पण त्या कांड्यांनी काय केलं, ऐका. होडीच्या फटी बुजवणाऱ्या सीलंटपासून औषधांपर्यंत लागणारी सिलिकॉनची संयुगं जोडायला पॅलेडियम, प्लॅटिनम असले महागडे धातू मध्यस्थ म्हणून बसवतात. काम झालं तरी ते पुरते निघत नाहीत, आपल्या समित्यांसारखे. मॅडम म्हणाल्या, धातू नकोच. दोन कांड्या, मधे द्रावण आणि विजेचा प्रवाह. वीज, आणि तीही आपल्या कणकवलीत! मी तोंडावर हसलो होतो. सराव माझ्या सेलवर झाला, मग शुद्ध ग्राफाइट आलं, आणि नोव्हेंबरात संयुग तयार झालं!

नमुना तपासायला गेला. अहवालात तांबं. दावाच कोसळला. निवृत्तीला चार महिने, सिलेन, म्हणजे प्रयोगाला लागणारं सिलिकॉनचं मूळ रसायन, एकाच प्रयोगापुरतं उरलेलं. कांडीला तार जोडणारी तांब्याची क्लिप द्रावणात बुडाली, हे मॅडमनी लगेच ओळखलं. प्रयोग चालू होता त्या रविवारी मॅडम चर्चमध्ये मिस्साला गेल्या होत्या. लक्ष ठेवायला प्रयोगशाळेतले भिकाजी होते. बोलणी त्यांनीच खाल्ली.

फेब्रुवारीत शेवटचा प्रयोग. भिकाजींनी क्लिप सुंभाने वर बांधून टाकली आणि सात तास राखण केली. अहवाल आला तेव्हा साठीच्या मॅडम जिना धावत चढल्या. कागद भिकाजींच्या नाकाशी धरून म्हणाल्या, "बघ रे, आता सांग, तांबा खंय आसा?" कुठेच नव्हतं. गेल्या आठवड्यात शोधनिबंध स्वीकारला गेला. टाळ्या इथे वाजवायच्या आहेत.

आता एक राहिलेलं. त्या रविवारी भिकाजी चहाला गेले असताना मी माझे सेल शोधायला आत शिरलो होतो. एक कांडी वाकडी दिसली, ती मी सरळ केली. तिच्यावरची क्लिप तेव्हा बुडाली. कबूल करायला निघालो तर भिकाजींनी अडवलं. "गप रवा सर. माका बाई आज वरडतली, उद्या इसारतली. तुमका जल्मभर आयकवतली." आणि मी गप्प राहिलो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. मला मिळालेली ही शाल मागच्या रांगेत भिकाजींच्या खांद्यावर ठेवून मी जागेवर बसतो. आणि मॅडम, ती बोलणी माझी होती. भजी खाऊन झाली की देऊन टाका.