हात आधी लागला

नाही बेटा, ते ‘संस्कार केंद्र’ वगैरे नको लिहू — साधं ‘पोट्ट्यांचा बुद्धिबळ क्लब’ लिही, हे असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. मोठे शब्द पाहिले की यांच्या कपाळावर आठी यायची. आणि उभी काहून तू, बस ना, त्या पंख्याखाली बस — आवाज करते तो, पण वारा देते. अपर्णा ना तू? हव, तुझी आजी आणि मी एकाच भिशीत होतो, बुढातलावाच्या पलीकडच्या गल्लीत राहायची ती. हिंदीतच बोल तू, काही हरकत नाही, आजकालचे सगळेच पोट्टे समजतात मराठीत आणि बोलतात हिंदीत. तर मंडळाले आता यांचा सत्कार करायचा आहे. मरणोत्तर. चांगली गोष्ट आहे — जिवंत होते तेव्हा हॉलच्या चावीसाठी चकरा मारायले लावायचे, पण असो. म्हणजे स्मरणिकेत क्लबचा इतिहास छापायचा, आणि वर्धापनदिनाले स्वानंदनं पुण्याहून यावं, स्टेजवर वडिलांची शाल घ्यावी आणि दोन शब्द बोलावे — हेच ना? पाहू. स्वानंदचं पाहू आपण. त्याची कंपनी मोठी आहे, सुट्टी भेटत नाही लवकर. आधी तू इतिहास लिहून घे.

लिही — नवं राज्य झालं, आपलं रायपूर राजधानी झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात क्लब सुरू झाला. तू तेव्हा झालीही नसशील. काय दिवस होते ते — काल-परवापर्यंत ज्या कागदाले भोपाळची सही लागायची त्याले आता इथल्या इथे सही, लाल दिव्याच्या गाड्या इकडून तिकडे, भाजीवाली बी म्हणे, दीदी, अब राजधानी का भाव लगेगा. हे रेल्वेत हेडक्लार्क. वर्ध्याचे मूळ, पण जन्म इथलाच. यांचं एकच म्हणणं — आता आपल्या पोट्ट्यांले निवडीसाठी भोपाळ-इंदूर करायची गरज नाही, राज्याची टीम आता इथूनच निघणार, तर आपल्या पाऱ्यातून, आपल्या मोहल्ल्यातून, एखादा काहून नाही? मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सतरंज्या टाकायच्या. पट कुठून आणायचे? तर गोल बाजारात भैय्यालाल नावाचा कापडवाला होता, त्यानं काळ्या-पांढऱ्या कापडाचे चौकोन शिवून पट करून दिले, गुंडाळून पिशवीत टाकता यायचे. सोंगट्या प्लास्टिकच्या, अन् त्या हरवायच्याच — एका पटावर तर उंटाच्या जागी वर्षानुवर्षं माझी हिंगाची डबी उभी होती. पोट्टे तिरपी सरकवायचे डबी आणि म्हणायचे, काकू, तुमच्या हिंगानं शह दिला. हे लिही, छान वाटते वाचायले.

पण खरं कारण ते नाही. म्हणजे राज्याची टीम वगैरे, ते लोकांले सांगायले. क्लब स्वानंदसाठी होता. तो लहानपणापासून अडखळायचा बोलताना — तोतरा नाही, तोतरा वेगळं — याचा शब्द घशातच बसायचा. त्यातून ‘स’ आला की संपलं. आणि आम्ही नाव ठेवलं स्वानंद. आता बारशाच्या दिवशी कोणाले माहीत असते, सांग. शाळेत नवीन मास्तर आला की विचारणार नाव काय, आणि हा उभा, मान ताणलेली, डोळ्यांत पाणी, आणि मागच्या बाकावरून पोट्टे स-स-स करून राहिले. घरी येऊन दप्तर ठेवून मोरीत जाऊन बसायचा. यांनी डॉक्टर केले, गंडेदोरे केले — हो, यांच्यासारख्या माणसानं — आणि मग एक दिवस ऑफिसातून येताना बुद्धिबळाचा डबा घेऊन आले. मले म्हणे, वनमाला, ह्या खेळात बोलावं लागत नाही. बस, एवढंच कारण. बाकी सगळी पोट्टी नंतर आली. एकट्या पोराले कोणाशी खेळवणार, म्हणून पारा गोळा केला.

अन् काय खेळायले लागला माझा पोरगा. सांगून राहिली मी तुले, घरात हसू ऐकू यायले लागलं. क्लबात यांचे दोन नियम होते, ते मात्र लिहून घे. पहिला — विचार करताना दोन्ही हात मांडीखाली. अक्षरशः हातांवर बसायचं. कारण सोंगटीले हात लावला की तीच चालायची, मग वजीर जावो की राजा. पोट्ट्यांचे हात शिवशिवतात, म्हणून मांडीखाली. आणि दुसरा — एखादी सोंगटी घराच्या रेघेवर तिरकी उभी असेल, नुसती नीट करायची असेल, तर हात लावायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, ‘सरळ करतो’. बाहेरच्या मोठ्या स्पर्धांत बी म्हणे असंच सांगावं लागते. आधी शब्द, मग हात. तू नको पाहू माझ्याकडे असं. आमच्याही नाही लक्षात आलं तेव्हा. खेळ निवडला तो बोलावं लागत नाही म्हणून, आणि मग नियम करताना कोणाच्या डोक्यात आलं की त्यातही एक शब्द आहे आणि तो कोणत्या अक्षरानं सुरू होते. स्वानंद काय करायचा, तिरकी सोंगटी तशीच राहू द्यायचा. नीटनेटका होता तो, त्याले ते सहन व्हायचं नाही, पण राहू द्यायचा.

गौतम? हो, गौतमचं तर लिहायलाच पाहिजे. त्याचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते, क्वार्टरमध्ये राहायचे, नागपूरकडची बौद्ध मंडळी. सायकलवर यायचा तिकडून. हुशार, आणि हसरा. स्वानंदशी त्याचं फार जमायचं — तो कधी याचा शब्द पुरा करायचा नाही मधेच, थांबायचा. आता मंडळात तेव्हा एक गृहस्थ होते, नाव नाही घेत, गेले बिचारे — त्यांनी यांले बाजूले घेऊन म्हटलं, यशवंतराव, क्वार्टरच्या पोट्ट्यांसाठी दुसरा माठ ठेवू का, एकाच माठावर गर्दी होते. गर्दी म्हणे. पुढच्या रविवारी यांनी गौतमच्या हातानं माठातलं पाणी सगळ्यांले द्यायले लावलं — पहिला गिलास स्वतः प्यायले, दुसरा त्या गृहस्थांच्या हातात दिला. प्यायले ना ते, न पिऊन सांगतात कोणाले, सगळे पाहून राहिले होते. पण त्या दिवसापासून हे जास्तच कडक झाले. कोणी असं म्हणू नये, की यशवंतरावांनी आपल्याले एक माप आणि दुसऱ्याले दुसरं लावलं. घरचा पोरगा आहे म्हणून स्वानंदले सगळ्यात शेवटी पट भेटायचा, पोहे बी शेवटी.

हे नको लिहू, पोह्यांचं.

मग ती निवड आली. राज्याची पहिली मोठी स्पर्धा, चौदा वर्षांच्या आतल्यांची, आणि प्रत्येक क्लबमधून एकच नाव द्यायचं. उरले कोण — स्वानंद आणि गौतम. रविवारी सकाळी डाव ठेवला, पंच हेच. बघायले सगळा पारा आला, ते माठवाले गृहस्थही पुढेच बसले होते. मी पोह्यांचं पातेलं घेऊन दाराशी. मले खेळातलं काही समजत नाही, पण चेहरे समजतात — गौतमचा चेहरा पडला होता आणि माझा पोरगा जिंकून राहिला होता. हात मांडीखाली, कान लाल. आणि त्याचा घोडा, त्याच्या वजिरासमोरचा, जरा तिरका उभा होता. बस, तिरका. मी पाहिलं त्यानं ओठ जुळवले. मान ताणली. मले दारातून दिसलं ना, आईले दिसतेच — तो म्हणून राहिला होता, स… स… आणि शब्द येईना आणि हात पुढे गेला. घोड्याले बोट लागलं. त्याच्या मागून ‘सरळ करतो’ आलं, पुरं आलं, स्वच्छ आलं, पण मागून.

कोणी हरकत घेतली नाही. गौतमनंही नाही. हे उठून पटापाशी आले आणि म्हणाले, ‘हात आधी लागला. घोडा चाल.’ गौतम म्हणाला, काका, तो बोलूनच राहिला होता, राहू द्या ना. पोट्टा तेरा वर्षांचा, त्याले समजलं. यांनी पुन्हा तेच म्हटलं, आवाज चढवला नाही की काही नाही. घोडा हलला की वजीर उघडा. स्वानंदनं यांच्याकडे पाहिलं — रागानं नाही ग, तसं असतं तर बरं होतं — असं पाहिलं जसं एखाद्या अनोळखी माणसाले पत्ता विचारायचा आहे. मग घोडा चालला. वजीर गेला. मात होईपर्यंत खेळला, सगळ्या सोंगट्या नीट पिशवीत भरल्या, हिंगाची डबी मले आणून दिली, आणि घरी येऊन वरणभात जेवला. त्या दिवसानंतर कधी पटाले शिवला नाही.

अन् नियमानं बरोबर होतं हां. सगळे म्हणाले, धन्य आहे यशवंतराव, पोटच्या पोराले सोडलं नाही. ते गृहस्थ तर हात जोडून गेले. गौतम राज्याच्या टीमकडून खेळला, पेपरात फोटो आला, आज भिलाईत प्लांटमध्ये चांगल्या जागेवर आहे, क्वार्टरच्या पोट्ट्यांले रविवारी शिकवते, दर दिवाळीले येऊन पाया पडते. ते चांगलंच झालं, मी त्या पोराबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. तो यांच्यामुळेच उभा राहिला. क्लबही चालला मग कितीतरी वर्षं. पुढे कोचिंगवाले आले, लोक नव्या रायपूरकडे राहायले गेले, यांचे गुडघे गेले, मंडळानं हॉल लग्नांले द्यायले सुरुवात केली, आणि एका रविवारी कोणीच आलं नाही. झाला क्लब बंद. एवढं पुरे ना इतिहासाले?

स्वानंद? सांगितलं ना, सुट्टीचं… नाही, सुट्टीचं काही नाही. पोट्टी तू नातीसारखी, तुझ्याशी काय खोटं बोलू. तो भांडला नाही कधी वडिलांशी. बस, बोलणं मान हलवण्यावर आलं. बारावी झाली आणि पुण्याले गेला. सून सांगते, तिकडे तो मुळीच अडखळत नाही, मीटिंगा घेते, माणसं हाताखाली आहेत. इथला उंबरा चढला की घसा बंद. यांचा फोन गेला की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, आणि हे म्हणायचे, बरं, ठेवतो. फोन ठेवून मले विचारायचे — बरोबर होतो ना मी, वनमाला? मी म्हणायची, हो, बरोबर होते. शेवटच्या आजारात तर दिवसातून कितीदा तरी. औषध तोंडात, तरी तेच, बरोबर होतो ना? एकदा मी म्हटलं, बरोबर असून काय मिळालं हो आपल्याले. मग नाही विचारलं त्यांनी. एकदाही नाही विचारलं. ते बोलायले नको होतं मी, की आधीच बोलायले पाहिजे होतं, मले आजपर्यंत समजलं नाही.

आला होता ना तो, हे गेले तेव्हा. सगळं केलं त्यानं, काही कमी नाही ठेवलं. गुरुजींनी दर्भ हातात दिला आणि म्हटलं, आपलं नाव उच्चारा. आणि तो उभा. मान ताणलेली. चाळिशीले आलेला माणूस ग, कानशिलावर पांढरे केस. घाटावर सगळा क्लब उभा होता — आता मोठे बाप्ये झालेले सगळे — आणि कोणीही इकडेतिकडे पाहीना. गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा गौतम त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, ज्यानं लहानपणी कधी याचा शब्द पुरा केला नाही तो, आणि हळूच म्हणाला, ‘स्वानंद यशवंत’. गुरुजींले काय, त्यांनी पुढचे मंत्र सुरू केले.

तेरवी होईपर्यंत माणसं येत राहिली. भिलाईहून, दुर्गहून, बिलासपूरहून. एकेक बसायचा आणि सांगायचा — काकांनी मले हे शिकवलं, काकांनी माझी फी भरली, काका नसते तर मी कुठे असतो. स्वानंद सगळ्यांले पाणी देऊन राहिला होता आणि ऐकून राहिला होता. जायच्या दिवशी बॅग उचलली, माझ्या पाया पडला आणि म्हणाला — एका दमात, कुठेही न अडखळता — ‘आई, फार चांगले होते ते. मीही तिकडून, या क्लबच्या पोरांसारखं येऊन बसायला पाहिजे होतं.’ मी म्हटलं, तिकडून म्हणजे? तो बॅग घेऊन ऑटोत बसला.

आता त्याले तुम्ही स्टेजवर उभं करणार, माईक देणार, आणि म्हणणार, बोल वडिलांबद्दल. नको बेटा. मंडळानं फोन बी करू नये त्याले. तो नाही म्हणणार नाही, तो येईल, हेच भेव आहे मले — येईल, आणि सगळ्या पाऱ्यासमोर उभा राहील. माझ्यानं दुसऱ्यांदा दारात उभं राहून ते पाहणं होणार नाही.

तू असं कर. गौतमले बोलवा. शाल त्याच्या हाती द्या, तो बोलेल, छान बोलेल, रडेलही. तिथे छापताना काय छापायचं ते तुमचं तुम्ही पहा — शिष्य छापा, मुलगा छापा, मी काही म्हणणार नाही. निवड यांनी स्वतःच केली होती, सगळ्यांच्या समोर, मी कोण बदलणारी?

चहा तसाच राहिला तुझा. राहू दे, नको पिऊ गार. जा आता, ऊन चढून राहिलं. दार ओढून घे जाताना.