थोरलीच्या डोळ्यातलं कोकेन

सेहेचाळीस सालची गोष्ट. सांगलीत डोळ्यांच्या डॉक्टराकडं हळदीचे व्यापारी तवनाप्पा आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर औंधकडचा एक फेटेवाला आणि त्याची धाकटी बायको. थोरली पडद्याआड, डोळ्यात वाढलेलं मांस कापून घ्यायला गेलेली.

"आवं, डाक्तर मगा म्हणाला त्ये कोकेन म्हंजी काय?"

"औषध हाय. थेंब टाकलं की सुरी फिरली तरी कळत न्हाई."

"मुंबईत पानात घालून खात्यात, त्येच?"

"त्येच."

"माझी दाढ वैदूनं पकडीनं उपटली. तवा न्हाई सुचलं तुमास्नी कोकेन!"

"आगं, हळू बोल."

"हळू कशाला? ती पडली असंल मुडद्यावानी. आता खरं सांगा, तुमचा जीव कुणावर?"

तवनाप्पा उगाच छत्रीची मूठ न्याहाळू लागले.

"तुज्यावरच गं. तिला आपलं रीत म्हणून सांभाळतोय."

पडदा सरला. डोळ्यावर पट्टी बांधलेली थोरली भिंत चाचपत बाहेर आली.

"शुद्धीवर आलीस व्हय अक्का? लय दुखलं का गं?"

"शुद्ध कवा गेली हुती? डोळा तेवढा बधिर केला हुता, बाई. कान न्हाई."